जास्त पॅकेट म्हणजे जास्त काम

आमच्या ऑफिसातला सर्व्हर मोरीच्या दाराशी होता. यूपीएसचा पॉइंट तिथंच निघाला आणि इलेक्ट्रिशियन दुसऱ्यांदा यायला तयार नव्हता, एवढंच त्याचं कारण. मोरीत कुणी हातपाय धुवायला गेलं की मी स्टूल ओढून मशीनच्या आडवी बसायची आणि शिंतोडे अंगावर घ्यायची. "हळू, अहो हळू," म्हणून ओरडायची. कुणी ऐकायचं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं, कॉम्प्युटरचं सगळ्यांना अप्रूप होतं, पण नळ सोडताना त्याची आठवण कुणालाच राहायची नाही.

ऑफिस म्हणजे काशिमिऱ्याजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे, त्याची घरघर दिवसभर पायांखाली. वर आमचं डेटा एन्ट्रीचं काम. कुठल्या कुठल्या कंपन्यांचे भरलेले फॉर्म पोत्यांतून यायचे, शंभर-शंभरचे गठ्ठे बांधून ते ऑपरेटरना द्यायचे, त्यांनी ते कॉम्प्युटरवर चढवायचे. हॉलमध्ये दहा मशीन, एक मशीन सुपरवायझरच्या केबिनमध्ये. सगळी एकाच काळ्या केबलनं एकमेकांना जोडलेली आणि केबलचं शेवटचं टोक मोरीपाशी, माझ्या सर्व्हरला.

माझ्या म्हणायचं, पण मी तिथं लागले होते झाडू मारायला आणि चहापाण्याला. माझी शाळा आठवीत सुटली. गाव राजापूर तालुक्यातलं, पुढची शाळा खाडीपलीकडं, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि तेव्हा कुणी मला फार विचारलंही नाही. पुढं भावाबरोबर काशीगावात भाड्याच्या खोलीत आले. सव्विसाव्या वर्षी या ऑफिसात लागले. सकाळी सगळ्यांत आधी उघडायची मी आणि संध्याकाळी बंद करायची मी, म्हणून किल्ली माझ्याकडे. ज्या माणसानं सर्व्हर बसवला तो अंधेरीहून यायचा. रोज सकाळी सर्व्हर चालू करायला कुणीतरी हवं होतं. त्यानं आल्या आल्या विचारलं, "चाबी किसके पास है?" माझ्याकडे होती, म्हणून त्यानं मला शिकवलं. दुसरी काही पात्रता नव्हती.

टाइप करायला मात्र मला काकूंनी शिकवलं. काकू पाच नंबरच्या मशीनवर बसायच्या. गिरणीच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिस्ट होत्या, गिरणी बंद पडली, गिरगावातली खोली सोडून मिरा रोडला राहायला आल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवर बसल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या बोटांवर रुमाल टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता बघू नकोस. बोटांना माहीत असतं कुठं जायचं ते. तू मधे मधे पडू नकोस." सहा महिन्यांत मी सफाईनं टाइप करायला लागले. मग साहेबांनी झाडूला दुसरी बाई ठेवली आणि मला सर्व्हरपुढचं स्टूल दिलं. साहेब मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून धंद्यात पडलेले, चिडके, पण मनानं चांगले. आठवी शिकलेल्या बाईला कोण सर्व्हरपुढं बसवतं? मी घरी पत्र लिहिलं तेव्हा आईला वाटलं मी काहीतरी वाढवून सांगतेय.

तर मला दोन माणसांचे उपकार फेडायचे होते, साहेबांचे आणि काकूंचे. ते एकमेकांच्या विरोधात जातील असं वाटायचं काही कारण नव्हतं.

झालं असं, की रोज दुपारी जेवणानंतर नेटवर्क मंद व्हायचं. फॉर्म सेव्ह करायला बटण दाबलं की मिनिटभर पडद्यावर नुसतं वाळूचं घड्याळ फिरायचं. हॉलमधून एकापाठोपाठ आवाज. "लटकलं!" "माझं पण लटकलं!" "ए ताई, बघ ना गं!" आणि मी उठून केबलचे जोड दाबत टेबलांखाली रांगत फिरायची. जोड सगळे घट्ट असायचे. पावणेचारच्या सुमाराला आपोआप सुधारायचं आणि सगळे म्हणायचे, ताईंनी केलं बरं का नीट. मी काहीसुद्धा केलेलं नसायचं.

साहेबांनी अंधेरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एक प्रोग्रॅम आहे, सर्व्हरवर टाका, कुठलं मशीन केबलवरून किती माल पाठवतंय, किती मागवतंय ते स्क्रीनवर दिसेल, चोर सापडेल. स्वतः यायला मात्र त्याला वेळ नव्हता. त्यानं कुरियरनं दोन फ्लॉपी आणि एक कागद पाठवला. कागदावर हातानं लिहिलेल्या अकरा ओळी. शेवटची ओळ होती, "बस, हो गया."

तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी मशीन दुसरी फ्लॉपी वाचेना. नवी मागवायची तर फोन हवा, आणि ऑफिसच्या फोनच्या डायलला छोटं कुलूप. त्याची किल्ली सुपरवायझरकडे. सुपरवायझर म्हणजे साहेबांचा मेव्हणा. लाकडी पार्टिशनच्या केबिनमध्ये बसायचा, दार लावून.

"कुणाला फोन?" त्यानं विचारलं.

"अंधेरीला. फ्लॉपी खराब आहे."

"परवा पण अंधेरीलाच केलेलास."

"परवा साहेबांनी केलेला."

"एकच झालं. दोन मिनिटांत आटप." आणि कुलूप काढून तो माझ्याकडे घड्याळ धरून उभा राहिला. अंधेरीवाल्यानं फोन उचलायलाच दीड मिनिट घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवी फ्लॉपी आली आणि वाचली. कागदावरची सातवी ओळ टाइप केली तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांचा पूर आला, खालून वर धावतोय, वाचायच्या आत गायब, आणि शेवटी 'एरर'. तो एवढा एक शब्द मला चांगला ओळखता यायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पुन्हा किल्ली, पुन्हा मेव्हणा, पुन्हा घड्याळ.

"मॅडम, एक लायब्ररी नहीं होगी आपके यहाँ," अंधेरीवाला म्हणाला.

मला लायब्ररी म्हणजे पुस्तकांची माहीत. मी म्हटलं, "ती कुठून आणू?"

"सीडी में है. जो मैं छोड़ के गया था."

"सर्व्हरला सीडी ड्राइव्ह नाही."

"किसी और मशीन से कॉपी कर लो ना! और मॅन्युअल पढ़ो मॅडम, सब लिखा है उसमें."

मॅन्युअल सर्व्हरमध्येच होतं, मान्य. इंग्रजीत, पानांमागून पानं. मी एकेक शब्द लावत बसायची. पहिल्या वाक्याचा अर्थ लागेपर्यंत तिसऱ्या मशीनवरून कुणीतरी हाक मारायचं. सीडी ड्राइव्ह ऑफिसात एकाच मशीनला होता, तीन नंबरच्या. तिथून ती लायब्ररी की काय ती उचलून आणली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काळ्या स्क्रीनवर निळ्या चौकटी उमटल्या आणि आकडे धावायला लागले. मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, आणि येताना मीच सर्व्हरवर पाणी उडवलं.

तरी काम संपलेलं नव्हतं. स्क्रीनवर मशीनची नावं नव्हती. प्रत्येकाच्या जागी बारा अक्षर-आकड्यांचा एक लांबलचक नंबर, मशीनमधल्या नेटवर्कच्या कार्डावर कोरलेला असतो तो. मग वही घेऊन प्रत्येक मशीनवर जायचं, एक छोटी खिडकी उघडून त्याचा नंबर उतरवायचा आणि परत येऊन त्यापुढं नाव टाकायचं.

"माझी पत्रिका काढतेस काय गं?" काकू म्हणाल्या. "मंगळ असेल तर आत्ताच सांग."

"तुमची नाही, मशीनची."

"मग त्याला आहे. त्याचं बीचं बटण दाबलं की अडकतं."

चार वाजता साहेब आले. ते सकाळी बाहेरची कामं करून चारलाच यायचे. माझ्यामागं उभे राहून बराच वेळ धावणारे आकडे बघत राहिले. त्यांना आवडलं ते. माणसाला धावणारे आकडे आवडतातच.

"हे काय आहे?"

"पॅकेट, साहेब."

"पॅकेट म्हणजे काय?"

इथं मी गप्प राहायला हवं होतं, किंवा अंधेरीला फोन करते म्हणायला हवं होतं. मॅन्युअलमध्ये पॅकेटचं पान मी दोनदा वाचलं होतं आणि मला काहीही कळलं नव्हतं. पण साहेब माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होते, की आता ही आठवी शिकलेली बाई उत्तर देणार. तीन दिवस लावलेत, आता हिला माहीत नाही म्हटलं तर? उद्या परत झाडू? मी म्हणाले, "म्हणजे काम, साहेब. मशीन जेवढं काम करतं तेवढी पॅकेट जातात. जास्त पॅकेट म्हणजे जास्त काम."

"अरे वा!" साहेब म्हणाले.

ज्या कामासाठी तो प्रोग्रॅम आणला होता, दुपारी नेटवर्क कोण अडवतं ते शोधायचं काम, ते त्या क्षणी साहेब विसरले. त्यांना प्रत्येक माणसाचं काम मोजायचं मशीन मिळालं होतं. "रोज चारला मला हे वाचून दाखवायचं," ते म्हणाले. "वहीत लिहून ठेव."

पहिल्या दिवसापासून केबिन सगळ्यांत वर. मेव्हण्याच्या मशीनचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट. त्याच्या खालोखाल तीन नंबर. मग बाकीचे, थोडंफार इकडंतिकडं. आणि तळाला पाच नंबर, काकू. बाकीचे दहा-बारा हजारांवर, काकू दोनशे-तीनशेवर.

"चुकलं असेल," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. साहेब केबिनच्या दाराकडे बघून म्हणाले, "मी त्याला उगाच ऐतखाऊ समजत होतो. बायको म्हणायची, माझा भाऊ मनापासून करतो." मेव्हण्यानं ते ऐकलं आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारलं, "फोन करायचाय का कुठं?"

खरं सांगते, मलाही काकूंचा संशय यायला लागला. सकाळी नऊपासून त्या खाली मान घालून टाइप करतायत, आणि पॅकेट दोनशे? मी येता जाता त्यांच्या मागून डोकावायची. बोटं चालू असायची. पण मशीन खोटं कशाला बोलेल? त्याचं नि काकूंचं काय वैर? मी स्वतःच केलेला अर्थ, आणि चार दिवसांत मीच त्यावर विश्वास ठेवून बसले.

त्यात मधेच माझ्याकडून एक घोळ झाला. प्रोग्रॅम सुरू करताना त्यानं काहीतरी विचारलं होतं, आणि हो की नाही ते न कळून मी घाबरून हो म्हटलं होतं. तेव्हापासून तो प्रत्येक बारीकसारीक गोष्ट डिस्कवर लिहून ठेवत होता. आठवड्याभरात डिस्क भरली. एका सकाळी कुणाचाच फॉर्म सेव्ह होईना. अर्धा दिवस दहा माणसं हातावर हात ठेवून बसली आणि प्रत्येकजण मला एकेक उपाय सुचवून गेला. खालच्या पॉलिशवाल्यानंसुद्धा वर येऊन सांगितलं, "एक बार बंद करके चालू करो ना, ताई." शेवटी अंधेरीवाल्यानं फोनवर एक फाईल पुसायला लावली. साहेब ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघून म्हणाले, "लक्ष असू दे गं." ते न ओरडणं मला जास्त लागलं.

प्रोग्रॅम बसून महिना होत आला तेव्हा साहेबांनी मला बाजूला बोलावलं. "पाच नंबरचं काय करायचं? वय झालंय त्यांचं. मी समजू शकतो. पण असं बसवून नाही ठेवता येणार. महिनाअखेरीला सांगतो त्यांना. तोवर बोलू नकोस कुठं."

मी "हो साहेब" म्हटलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नसे.

त्याच दिवशी जेवताना काकूंनी त्यांच्या डब्यातली अळूची वडी नेहमीसारखी माझ्या पोळीवर ठेवली. मला ती गिळेना. "काय गं, तिखट झालीये का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पोटात दुखतंय. घरी गेले तर आमची घरमालकीण, काशीगावातलीच म्हातारी, ओट्यावर बसलेली. "काय गो, तोंड का उतारलंय? तुजा कंपुटर बरा हाय का न्हाय?" मी म्हटलं, बरा आहे. "मंग तू का बरी न्हाय?" तिला काय सांगणार? माझ्या एका वाक्यानं एका बाईची नोकरी जाणार आहे, आणि ते वाक्य मागं घ्यायचं तर माझी जाणार आहे, हे मी भावालाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तीन नंबरची ऑपरेटर गावी लग्नाला गेली. पाच दिवसांची रजा. पहिले दोन दिवस मी लक्षच दिलं नाही, यंत्रासारखी आकडे उतरवत गेले. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिता लिहिता हात थांबला. तीन नंबर: साठ हजारांच्या वर. मी मान वळवून बघितलं. तीन नंबरची खुर्ची रिकामी. पाठीवर टाकलेला तिचा स्वेटरसुद्धा तसाच.

मी उठून तिथं गेले. मशीन चालू होतं. स्क्रीन बंद, पण डब्यातून घुरघुर येत होती आणि सीडी ड्राइव्हचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिथून केबिनचं दार दिसायचं, एक फट होती त्याला. मेव्हणा खुर्चीत मागं रेलून, कानाला हेडफोन लावून, पाय हलवत बसला होता. त्याच्या चष्म्यात रंग हलत होते.

शांतीनगरच्या दुकानातून सिनेमाच्या सीडी भाड्यानं मिळायच्या. ड्राइव्ह तीन नंबरला, म्हणून सीडी तीन नंबरमध्ये. बघायचा तो केबिनमध्ये बसून, केबलवरून. रोज जेवणानंतर एक सिनेमा. अख्खा सिनेमा त्या काळ्या केबलमधून इकडून तिकडं वाहत होता आणि बाकीच्यांचे फॉर्म त्याच्यामागं ताटकळत होते. तीन दिवस खपून मी बसवलेल्या प्रोग्रॅमनं पहिल्याच दिवशी हे दाखवलं होतं. मी त्याला काम म्हटलं होतं.

मग काकूंचं काय? त्या दिवशी मी संध्याकाळी मुद्दाम स्क्रीनसमोरून हलले नाही. साडेपाचपर्यंत काकू तीनशेवर. आणि मग, घरी निघायच्या जरा आधी, काकूंची ओळ एकदम उसळली आणि पाच मिनिटांत केबिन आणि तीन नंबर सोडून बाकी सगळ्यांच्या पुढं गेली. मी धावतच पाच नंबरवर गेले.

"काकू, तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं? सर्व्हरवर टाकलं काम. का?"

"दिवसभर कुठं सेव्ह करता?"

"माझ्याच मशीनवर. तपासून, चुका काढून, मग संध्याकाळी एकदम पाठवते. पान पुरं झाल्याशिवाय रोलरमधून कागद काढायचा नाही, आमच्या गिरणीतल्या मोठ्या साहेबांची शिस्त होती." चष्मा डबीत ठेवता ठेवता त्या थांबल्या. "का गं? तुझा सर्व्हर रडतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "सहज."

बाकीचे एकेक फॉर्म भरून सर्व्हरवर ढकलायचे, म्हणून त्यांचे आकडे दिवसभर चढते. साहेब चारला बघायचे. काकू साडेपाचला पाठवायच्या. एवढंच होतं सगळं. महिनाभर एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन संपलेल्या कामाचं कपाट उघडलं. प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या फॉर्मवर ऑपरेटरनं पेन्सिलीनं आपला मशीन नंबर टाकायचा असा नियम होता, पण तो नंबर कधी कुणी बघितलेला नव्हता. मेव्हण्यानं ते नंबर बघायचे असं ठरलं होतं, म्हणजे कुणीच बघायचे नाहीत. मी जमिनीवर बसून नंबरवारी गठ्ठे लावले. पाच नंबरची थप्पी सगळ्यांत उंच झाली. मी साहेबांच्या घरी फोन करायचं ठरवलं तर डायलला कुलूप. खाली उतरून टपरीवरच्या पीसीओवरून केला.

"साहेब, आज तीनला येता का? चारला नको."

"काय झालं? डिस्क भरली?"

"नाही. या ना."

साहेब तीनला आले. मी त्यांना कपाटापाशी नेलं.

"साहेब, मी खोटं बोलले."

"कधी?"

"पहिल्या दिवशी. पॅकेट म्हणजे काम, असं म्हटलं ना, ते मला माहीत नव्हतं. मी ठोकून दिलं."

"मग महिनाभर तू मला रोज काय वाचून दाखवत होतीस?"

"आकडे खरे होते साहेब. काम किती झालं ते त्यावरून कळत नाही. ते इथं कळतं." मी थप्प्या दाखवल्या. "ही पाच नंबरची."

ते खाली बसले आणि स्वतः मोजायला लागले. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांना आता काही कारण नव्हतं. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. मग न उठताच विचारलं, "आणि तीन नंबर? ती तर रजेवर आहे ना? काल तू मला तिचे साठ हजार सांगितलेस."

"तुम्हीच या ना, साहेब."

आम्ही तीन नंबरपाशी गेलो. साहेबांनी रिकामी खुर्ची बघितली, लुकलुकता दिवा बघितला, वाकून बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, सीडी अजून फिरत होती. केबिनमधून लगेच आरोळी आली, "अरे कोण गाढव आहे तो? आत्ताच तर फायटिंग आलेली!" आणि मेव्हणा हेडफोन गळ्यात लटकवून दार उघडून बाहेर आला.

"भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही आज लवकर?"

हॉलमध्ये कुणीतरी फुस्सकन हसलं. साहेबांनी सीडी उचलून उजेडात धरली, नाव वाचलं, आणि त्याच्या हातात दिली. "तुझ्या ताईला सांग," एवढंच म्हणाले, "की तू फार मनापासून करतोस." मग माझ्याकडे वळले. "आणि तू. माहीत नाही म्हणायला काय होतं तुला? मी काय खाऊन टाकलं असतं?"

त्यांना काय सांगणार, की होय साहेब, मला तसंच वाटतं, रोज वाटतं.

"काकूंना यातलं काही कळायला नको," ते जाता जाता म्हणाले. "विषय संपला. त्या आहेत तिथंच राहतील."

विषय त्यांचा संपला. मला मात्र रात्रभर झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मी काकूंना सगळं सांगून टाकलं. का सांगितलं? मन हलकं व्हावं म्हणून, दुसरं काय. स्वतःच्या सोयीसाठी. मला वाटलं होतं त्या पाठीवर थाप मारतील, म्हणतील, शहाणी गं बाई.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे महिनाभर तुम्ही दोघं माझ्यावर पाळत ठेवून होतात."

"काकू, मी—"

"तू माझ्यासमोर बसून माझ्या वड्या खात होतीस."

"मला विचारायला भीती वाटली."

"कुणाची? माझी? तुझी बोटं धरून शिकवलं मी तुला. विचारलं असतंस, काकू पॅकेट म्हणजे काय, तर सांगितलं असतं, बाई, मलापण माहीत नाही. दोघी मिळून अडाणी राहिलो असतो."

त्या उठल्या, पाच नंबरवर गेल्या आणि टाइप करायला लागल्या. प्रिंटरमधून कागद निघाला तेव्हा मी वाचला. राजीनामा. इंग्रजीत, चार ओळी, एकही चूक नाही. तो घेऊन त्या साहेबांची वाट बघत बसल्या, आणि मी मोरीपाशी बसून माझ्या स्क्रीनवरचे आकडे बघत. त्यातलं काहीच मला दिसत नव्हतं. काकूंची नोकरी वाचवायला गेले आणि मीच घालवली, हेच डोक्यात. साहेबांनी काढलं असतं तर निदान दोष त्यांचा म्हणता आला असता.

चारला साहेब आले. काकू आत गेल्या. दार लागलं. मेव्हणा त्या दिवशी आलाच नव्हता, केबिन साहेबांनी घेतली होती. पार्टिशन पातळ, पण खालची पॉलिशची घरघर इतकी की एक शब्द कळेना. पंधरा मिनिटं झाली. कुणीतरी म्हणालं, "ताई, माझं मशीन बघ ना." मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो म्हणाला, "अगं, अजून सांगितलं पण नाही काय झालंय ते!"

दार उघडलं. काकूंच्या हातात कागद होता, चार घड्या घातलेला. त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"राहतेय," त्या म्हणाल्या. "साहेबांनी माफी मागितली. नीट मागितली, उभं राहून. पण मी त्यांना सांगितलंय, काम मोजायचं तर कपाट उघडून मोजा, माझी हरकत नाही. त्या काळ्या पडद्यावर माझं नाव दिसलं तर त्याच दिवशी हा कागद परत तुमच्या टेबलावर."

"आत्ता काढते नाव," मी म्हटलं आणि कीबोर्डकडे वळले.

"काढ. आणि उद्यापासून स्वतःचा डबा आण. माझ्या वड्या तुला महिनाभर मिळायच्या नाहीत."

"हो, काकू."

"हो काय? नुसतं हो हो करत असतेस सगळ्यांना. करता येते का तुला वडी?"

मला अळूची वडी करता येत नव्हती. मी तसं सांगितलं.